अकरा वेळा दोन

तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून प्राजक्ताचे पाय जमिनीला टेकायला तयारच नव्हते. माइक तोंडाशी आला की आवाज निघेल की नाही याचीच जिला धास्ती, ती नववीतली पोरगी वरूडच्या भरलेल्या हॉलमध्ये सात मिनिटं अशी बोलली की परीक्षक लिहायचं विसरले! ढाल घेऊन एसटीत बसली तेव्हा तिला पक्कं वाटलं, की जगातलं कोणतंही काम बोलून होतं. लोकांना बोलता येत नाही म्हणून कामं अडतात, एवढंच.

आणि तेव्हाच घरात अडलेलं एक काम समोर येऊन उभं होतं.

तिची आई गीतांजली कवठखेडीच्या अंगणवाडीची सेविका. कवठखेडी म्हणजे शेंदूरजनाघाटच्या पुढचं, चारही अंगांनी संत्र्याच्या बागांत बुडालेलं दीडशे घरांचं गाव. डिसेंबरात तपासणी पथक आलं होतं, जानेवारीत त्याचं पत्र आलं. शंभरपैकी चव्वेचाळीस. खाली ठळक अक्षरात, ‘फेरतपासणीत पन्नासपेक्षा कमी गुण आल्यास सदर केंद्राचे नजीकच्या केंद्रात समायोजन करण्यात येईल.’

समायोजन! केवढा गोड शब्द. अर्थ एवढाच, की कवठखेडीच्या अंगणवाडीला कुलूप, आणि तेवीस लेकरांनी रोज जायचं फाट्यावरच्या अंगणवाडीत. मध्ये राज्य रस्ता. या दिवसांत त्याच्यावरून संत्र्याचे ट्रक आणि ट्रॅक्टर असे सुटतात की मोठी माणसंही दोन-दोन मिनिटं काठावर ताटकळतात. आया तर सकाळी सातलाच तोडणीला बागेत. लेकरांना रस्ता ओलांडून देणार कोण?

“म्या तं नाई धाडत बाप्पा,” आकांक्षाची आई हापशीवर सगळ्यांसमोर म्हणाली होती. “बागेत नेईन संगं. झाडाखाली बसन खेळत.”

एक असं म्हणाली, मग सगळ्याच म्हणाल्या. म्हणजे अंगणवाडी फाट्यावर जाणार नव्हतीच. ती संपणार होती.

पत्रासोबत गुणांचा तक्ता होता. गाणी बरी, रंग ओळखणं बरं, आहार, स्वच्छता, नोंदी सगळं ठीकठाक. एकाच ओळीत खड्डा पडला होता. ‘दहा वस्तू मोजणे : अकरा बालके, बरोबर उत्तर शून्य, गुण दहापैकी शून्य.’

“शून्य?” आईनं ती ओळ चारदा वाचली. “अवं, वीसपर्यंत म्हणतेत माह्ये लेकरं! पाळण्यातलं पोट्टंई ऐकून ऐकून म्हणन आता!”

पण मुलांची परीक्षा घेताना सेविकेनं बाहेर थांबायचं, असा नियम. मदतनीस आत होती, पण तिचं लक्ष खिचडीत; मग आत काय घडलं ते आईला कळणार कसं? तेव्हा प्राजक्तानं पोरांनाच पकडलं. आकांक्षा म्हणजे अक्कू, पाच वर्षांची. दोन वेण्या आणि एक पडलेला दात.

“अक्कू, त्या मॅडमनं काय विचारलं होतं तुले?”

“चिंचोके मोजाले लावले.”

“मंग मोजले का तू?”

“हाव!”

“किती होते?”

“दोन!”

“दोन नाई वं, दहा होते!”

“दोन,” अक्कू म्हणाली, आणि मागून सुगत, श्रावण, सगळेच ओरडले, “दोन! दोन! दोन!”

प्राजक्तानं कपाळावर हात मारला. घाबरली असतील, एकानं म्हटलं ते बाकीच्यांनी म्हटलं असेल. यांना आता शिकवत बसायला महिना लागेल, आणि फेरतपासणी होती पंधरा दिवसांवर. मग तिच्या डोक्यात ती आयडिया आली. त्या दिवसांत तिच्या डोक्यात आलेली प्रत्येक आयडिया तिला भारीच वाटायची.

रोज संध्याकाळी पाचला, आई गृहभेटींना गेली की, देवळाच्या ओट्यावर पोरांची रांग. “मॅडमनं विचारलं, किती? तं काय म्हणायचं?”

“दहा!”

“मोठ्यानं!”

“दहाऽऽ!”

आणि जो बरोबर बोलेल त्याच्या हातावर एक लिमलेटची गोळी. पंधरा दिवस. पोरं अशी तयार झाली की झोपेत हलवलं तरी ‘दहा’ म्हणतील. एकदासुद्धा तिनं त्यांच्यासमोर दहा वस्तू मांडल्या नाहीत. गरज काय होती? पत्रात तर लिहिलेलंच होतं दहा! आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गुण चांगले आले की मगच तिला सांगायचं, असं प्राजक्तानं ठरवून टाकलं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली तशी ती सायकल दामटत आली. दारात जीप उभी होती.

पथक म्हणजे एकच बाई. इंगोले मॅडम. आपल्या जिल्ह्यातल्या अंगणवाड्या आपल्याच माणसांनी तपासल्या की सगळ्या चांगल्याच निघतात, म्हणून यंदा अमरावतीच्या तपासणीला अकोल्याची माणसं आणि अकोल्याच्या तपासणीला अमरावतीची. मॅडम अकोट तालुक्यातल्या, कपाशीच्या मुलखातल्या. खादीसारखी जाड साडी, साखळीला अडकवलेला चष्मा. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत, आणि यामुळेच माणूस जास्त घाबरत होतं.

“ताई, तुम्ही बाहेर बसा,” त्या आईला म्हणाल्या. “मदतनीस आत राहू देत. मुलांच्या ओळखीचं आणखी कोणी?”

“मी!” प्राजक्ता म्हणाली. “मी सेविकेची मुलगी. प्राजक्ता.”

“बस. बोलायचं नाही. खुणा करायच्या नाहीत.”

आई बाहेर ओट्यावर गेली. तिथं ग्रामपंचायतीचे सदस्य पंजाबराव आधीच पाय पसरून बसले होते. त्यांचा आवाज खिडकीतून आत येत होता.

“बसा गीताताई, बसा. माह्यं तं म्हणणं हाय, बंद होत असन तं होऊ द्या. खोली रिकामी होईन, पंचायतीले कामी येईन.”

“तुमचा नातू आत बसला हाय, भाऊ.”

“श्रावण? थो कुठं मोजते बाप्पा! घरी भाकरी मोजाले लावली तं खाऊन टाकते.”

आत प्राजक्ता भिंतीला टेकून मांडी घालून बसली. एका कोपऱ्यात मदतनीस माणिकबाई खिचडीचं पातेलं झाकून उभी होती. वय पंचावन्न, त्यातली वीस वर्षं संत्र्याच्या ढिगावर निवडण्या-मोजण्यात गेलेली. पाठ वाकली म्हणून ढीग सोडून ही इकडे आली. तिच्या शेजारी क्रेट होता. तोडणीच्या दिवसांत बागवाले लहान निघालेली संत्री लेकरांसाठी पाठवतात, तो.

सुरुवात झकास झाली. गाण्यात पोरांनी छप्पर उडवलं. रंग विचारले, तर सुगतनं मॅडमच्या साडीच्या काठातले तीनही रंग सांगितले. मॅडम तपासणीच्या छापील नमुन्यात खुणा करत होत्या. प्राजक्ता उलट्या बाजूनं त्या खुणा वाचत होती. सगळ्या बरोबरच्या! आता फक्त एक ओळ. चव्वेचाळीसात दहा मिळवले की चोपन्न!

मॅडमनी कापडी पिशवी काढली आणि चिंचोके सतरंजीवर ओतले. काही अलग केले आणि अक्कूसमोर सरकवले.

प्राजक्तानं मनातल्या मनात मोजले.

सात होते.

“सांग बेटा, किती?”

नको! खुणा करायच्या नाहीत. बोलायचं नाही. अक्कूनं चिंचोक्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं मान वर केली, छाती भरून घेतली, आणि पडलेल्या दाताच्या फटीतून गर्जना केली.

“दहाऽऽ!”

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी चिंचोके बदलले. सुगतसमोर बारा मांडले.

“दहा!”

श्रावणसमोर चार. नुसते चार! आंधळ्यालाही कळावे असे चार.

“दहा!” श्रावण म्हणाला. आणि म्हणून थांबला असता तर काय बिघडलं असतं? पण तो उठला, तुरुतुरु चालत प्राजक्तासमोर आला आणि त्यानं हाताचा पसा पुढं केला.

“पाजूताई, गोळी दे ना. म्या दहा म्हटलं.”

मॅडमनी टोपण लावलं आणि चष्मा काढला. “ताईंना आत बोलवा.”

आई आत आली. दारात मागोमाग पंजाबराव. मॅडमचा आवाज चढलेला नव्हता; हळू झाला होता. “ताई, गेल्या वेळी मुलांना मोजता आलं नाही, ते मी समजू शकते. पण या वेळी त्यांना उत्तर पाठ करवलंय. गोळ्या देऊन. मुलांना खोटं बोलायला शिकवणं, याला माझ्या नमुन्यात गुण कापायचा रकाना नाही. याला वेगळा अहवाल जातो. कोणी केलं हे?”

आईचा चेहरा कोरा होता. तिला खरंच काही कळलं नव्हतं. तिनं माणिकबाईकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. श्रावण अजून पसा पुढं करून उभाच. मग आईची नजर त्या पशावरून वर सरकत प्राजक्ताच्या चेहऱ्यावर आली, आणि तिथं थांबली.

“म्या केलं मॅडम,” आई म्हणाली.

अठरा वर्षं आईनं ही खोली झाडली होती. गळक्या कौलांखाली पावसाळे काढले होते, साथीच्या वर्षात तोंडाला फडकं बांधून घराघरात आहाराची पाकिटं नेली होती. आणि आता दोन शब्दांत तिनं सगळं मॅडमच्या पेनाखाली ठेवून दिलं होतं. अहवाल गेला की अंगणवाडीही जाणार, आईचं नावही जाणार. बोल की! तीनशे माणसांसमोर बोललीस ना? वरूडच्या हॉलमध्ये शब्द कसे पाण्यासारखे आले होते. इथं चार मोठी माणसं होती आणि एक शब्द येत नव्हता.

मॅडम पेनाचं टोपण काढायला लागल्या.

“नाही!” ते इतक्या जोरात आलं की श्रावण दचकून माणिकबाईच्या पदरामागं गेला. “आईनं नाही. आईले माहीतच नाही. मी केलं. देवळाच्या ओट्यावर, पंधरा दिवस. गोळ्याई माह्याच.” बक्षीस घेताना बोललेली सगळी शुद्ध भाषा कुठल्या कुठं गेली होती. “तुमच्या पत्रात दहा होतं, म्हणून मले वाटलं या वेळीई दहाच असन.”

“फेरतपासणीत आकडे बदलतात.”

“मले नव्हतं माहीत.”

“का केलंस?”

“रस्ता हाय ना मॅडम मधात! ट्रक पाह्यले का तुमी? ही बंद झाली तं कोणी जात नाई तिकडं. अक्कू बागेत झाडाखाली बसन. सुगतबी.”

“रस्ता मी पाहिलाय,” मॅडम म्हणाल्या. “त्याच रस्त्यानं आले. पण रस्ता धोक्याचा आहे म्हणून मोजता न येणाऱ्या मुलांना मोजता येतं असं मी लिहू का? उद्या ही मुलं पहिलीत जातील आणि तिथं कोणी गोळी देणार नाही.”

मॅडमनी फायलीतून एक जुना कागद काढला. “डिसेंबरात मीच आले होते. तेव्हाच मला शंका आली होती. पाहा.” त्यांनी कागद आईसमोर धरला. “दहा चिंचोके मांडले, अकरा मुलांना विचारलं. ज्याला मोजता येत नाही ते मूल काहीही सांगतं. कुणी सहा म्हणेल, कुणी पंधरा, कुणी रडेल. इथं बघा.”

प्राजक्तानं आईच्या खांद्यावरून पाहिलं. मुलाचं नाव, आणि त्यापुढं सांगितलेलं उत्तर. दोन. दोन. दोन. दोन. वरपासून खालपर्यंत. अकरा वेळा दोन.

“तेव्हा वाटलं, एकमेकांचं ऐकून म्हणत असतील. म्हणून एकेकाला वेगळं बसवलं, तरी दोनच. तेव्हाही कोणीतरी शिकवलं असणार.”

“डिसेंबरात म्या नाई शिकवलं,” प्राजक्ता पुटपुटली. “देवाशप्पथ.”

ती त्या कागदाकडं बघत राहिली. तिच्या वर्गात एकदा गणिताच्या पेपरात सहा जणांचं एकच चुकीचं उत्तर आलं होतं. सरांनी पेपर हातात धरून म्हटलं होतं, बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येतं. चुकीचं सारखं आलं की समजायचं कुणाचं तरी पाहून केलंय. मग ही अकरा पोरं... कुणाचं पाहून?

मोठ्या माणसांचं काहीतरी चाललंय म्हणून लेकरं चुळबुळायला लागली होती. एकानं रडं काढलं. माणिकबाईला बाकी काही सुचो न सुचो, रडणाऱ्या लेकराच्या हातात काहीतरी द्यावं हे सुचायचं. ती वाकली आणि क्रेटमधून संत्री ताटात काढायला लागली. डाव्या हातात दोन, उजव्यात तीन. ताटात. “एक.” डाव्यात दोन, उजव्यात तीन. ताटात. “दोन.” तिच्या ओठांना आणि हातांना ते वीस वर्षांचं वळण होतं, ढिगावर बसलं की एका हिसक्यात पाच फळं, त्याचा एक हात, आणि असे वीस हात झाले की शेकडा. कवठखेडीच्या ढिगावर कोणी एकेक संत्रं मोजत बसलं तर लोक हसतील.

“तीन. चार. वर तीन,” माणिकबाई म्हणाली, आणि ताट उचललं. तेवीस संत्री. तेवीस लेकरं.

प्राजक्ता ताटाकडं नाही, माणिकबाईच्या हातांकडं बघत होती.

“मॅडम!” ती सतरंजीवर गुडघ्यांवर बसली. “मॅडम, एकदा. फक्त एकदा परत विचारा. पण तोंडाकडं नका पाहू. हाताकडं पाहा.”

“दुसरी संधी नियमात नाही.”

“पोरगी म्हणते तं पाहून घ्या ना मॅडम,” दारातून पंजाबराव म्हणाले. मघाशी खोली रिकामी मागणारा माणूस आता उंबऱ्याच्या आत आला होता. “पाहाले का लागते!”

मॅडमनी घड्याळ पाहिलं. प्राजक्ताकडं पाहिलं. मग पेन बाजूला ठेवलं. “मी लिहिणार नाही. नुसतं पाहीन.”

त्यांनी मूठभर चिंचोके अक्कूपुढं ओतले. पंधरा दिवस तीच तर यांच्या डोक्यात ‘दहा’ ठोकत आली होती. आता ते निघणार होतं का?

“अक्कू, दहा नोको म्हणू. गोळी नाई हाय आज. माणिकआजीवानी मोज.”

अक्कू तिच्याकडं बघत राहिली. दहा की नको? मधेच हे काय नवीन?

“अवं, संत्र्याचा बाजार, मंडी मंडी खेळतो ना आपण,” माणिकबाई तिकडून म्हणाली, “तसं.”

अक्कूचा चेहरा उजळला. एवढंच होय! तिचे दोन्ही हात खाली गेले. डाव्यात दोन, उजव्यात तीन. बाजूला. “एक.” दोन, तीन. बाजूला. “दोन.” दोन, तीन. “तीन.” दोन उरले. ते तिनं वेगळे ठेवले. “वर दोन.”

मॅडमनी ते चिंचोके स्वतः मोजले. एकेक, बोट लावून. सतरा.

पिशवीत हात घालून त्यांनी आणखी ओतले, भरपूर, आणि सुगतकडं सरकवले. सुगत जरा सावकाश मोजणारा. त्याचे ओठ हलत होते, कपाळाला आठ्या. “...पाच. सहा. वर तीन.”

मॅडम मोजायला बसल्या. बत्तीस आले. पुन्हा मोजले. तेहेतीस. तिसऱ्यांदा मोजले आणि मग कबूल केलं, “तेहेतीस. माझंच चुकलं होतं.”

“डिसेंबरात दहा मांडले होते,” प्राजक्ता म्हणाली. आता तिचा आवाज हळू होता. “दहाचे दोन हात.”

मॅडमनी जुना कागद पुन्हा उचलला आणि त्या अकरा दोनांवरून नजर फिरवली. “आणि मी उत्तर लिहायला खाली बघत होते,” त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही. मग माणिकबाईकडं वळल्या. “तुम्ही शिकवलं यांना?”

“म्या कायले शिकोतो बाई!” माणिकबाई घाबरून पदराला हात पुसत म्हणाली. “म्या मोजत जातो, हे पाहत रायतेत.”

“आणि ताई, तुम्हाला हे कधी दिसलं नाही?”

आईनं खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीकडं बोट केलं. “तिथं बसते मी मॅडम. गाणी झाली, पाटीवरचे आकडे म्हणून घेतले, का मोबाईल उघडते. कोण आलं, किती खाल्लं, किती वजन. फोटो जात नाई तं परत काढा. माह्ये डोळे त्याच्यात. लेकरं माणिकबाईच्या कोपऱ्यात.” ती थांबली. “पण दिसाले पाहिजे होतं. ते खरं हाय.”

“मलाही,” मॅडम म्हणाल्या.

पण याच्यानं काम झालं असं कोणी समजू नका! मॅडम नमुना वाचायला लागल्या आणि वाचत राहिल्या. “इथं लिहिलंय, ‘एक वस्तू, एक अंक.’ तुमची मुलं एक अंक म्हणतात आणि पाच वस्तू सरकवतात. हे या ओळीत बसत नाही.”

“मंग ओळच खोटी!” पंजाबराव म्हणाले.

“ओळ खोटी नाही भाऊ. पहिलीच्या बाईंनी पाच पेन्सिली मागितल्या तर हे मूल काय करेल? पाच हात आणेल.”

अक्कूनं तेच केलं असतं.

“एकेक मोजता येतं का, ते विचारा ना,” प्राजक्ता शेवटी म्हणाली. “दोन्ही विचारा. जे येईल ते लिहा.”

मॅडमनी पुन्हा पेन उचललं. “जे येईल ते,” त्या म्हणाल्या. “आणि जे येणार नाही, तेही.”

मग जीपच्या ड्रायव्हरला जेवून घ्यायला सांगितलं गेलं, आणि अकराच्या अकरा लेकरांना एकेक करून बसवलं गेलं. आई पुन्हा ओट्यावर. आधी हातानं, मग एकेक. मॅडमचे डोळे या वेळी चिंचोक्यांवरून हलले नाहीत. उत्तर आलं की मगच खाली लिहायच्या. एकेक मोजताना काहीजण अडखळले. एकीनं सहानंतर आठ म्हटलं. सुगत नऊवर थांबला, सगळ्यांचे प्राण कंठाशी आणले, आणि मग दहा म्हणाला. श्रावणनं हातानं बरोबर मोजले, एकेक मोजायला लावल्यावर मात्र एक चिंचोका तोंडात टाकला. खिचडी गार झाली. तासभर प्राजक्ता एकाच जागी बसली होती. पायाला मुंग्या येऊन गेल्या तरी तिनं मांडी बदलली नाही, बदलली की काहीतरी बिघडेल म्हणून.

शेवटी मॅडमनी बेरीज केली. दोनदा केली.

“ताई, या आत.” आई दारात उभी राहिली. “मोजणीत दहापैकी आठ. बाकी तसंच. एकूण बावन्न.”

पंजाबरावांनी टाळीच वाजवली.

“थांबा. केंद्र आत्ता राहतंय, तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांनी पुन्हा कोणीतरी येईल आणि त्याला ही मुलं एकेकही मोजताना दिसली पाहिजेत. हातानं मोजायचं विसरवू नका. मी शेऱ्यात लिहितेय ते.” मग त्यांनी एक कोरा कागद काढून प्राजक्तापुढं ठेवला. “आणि गोळ्यांचंही लिहावं लागेल. ते मी गाळू शकत नाही. तू काय केलंस ते लिही, खाली सही कर. अल्पवयीन आहेस, आईचीही सही लागेल.”

प्राजक्तानं पेन घेतलं. ‘आदरणीय महोदया, आज आपल्यासमोर अत्यंत जड अंतःकरणाने...’

“भाषण नको,” मॅडम वरून वाचत म्हणाल्या. “काय केलंस तेवढंच.”

तिनं ते खोडलं. खाली तीन ओळी लिहिल्या. पंधरा दिवस गोळ्या देऊन मुलांकडून ‘दहा’ हे उत्तर पाठ करून घेतले. सेविकेला माहिती नव्हती. मुलांना मोजता येते का, हे मी एकदाही पाहिले नाही. सात मिनिटांचं भाषण पाठ करायला तिला चार दिवस लागले होते; या तीन ओळी लिहिणं तिला त्याहून जड गेलं. आईनं कागद घेतला, शेवटची ओळ वाचली, आणि खाली सही केली.

जाताना मॅडम चिंचोके पिशवीत भरत होत्या. डाव्या हातात दोन घेतले, उजव्यात तीन घ्यायला गेल्या तर चार आले. एक परत ठेवला. अक्कू शेजारी उभी राहून पाहत होती. “असं नाई,” ती म्हणाली आणि त्यांचं बोट धरून दाखवायला लागली.

जीप धुरळा उडवत फाट्याकडं गेली. पंजाबराव नातवाला कडेवर घेऊन, “माह्या नातवानं वाचोली पाहा अंगणवाडी,” असं पहिल्या घरापासून सांगत निघाले. आई खिचडीचं पातेलं पुन्हा शेगडीवर ठेवत होती. अजून ती प्राजक्ताशी एक शब्द बोललेली नव्हती. प्राजक्ता सतरंजी झटकत होती, घडी करत होती, पुन्हा उलगडून झटकत होती.

“सोमवारी पाचले ये,” आई पातेल्यात बघतच म्हणाली. “ओट्यावर नाई, इथं. एकेक मोजाले शिकवाचं हाय.”

“तू असशील?”

“असन. मोबाईल थैलीत ठेवून असन.” तिनं पळी आपटली. “अन् उरलेल्या गोळ्या कुठी हायत तुह्या?”

प्राजक्तानं दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून पुडी काढून दिली. आईनं ती कडोसरीला खोचली, आणि मग, रागातच, तिच्याही हातात एक संत्रं ठेवलं.